खूण आधी 'नाही'वर होती

३ मार्च, मंगळवार

प्रिय माऊ,

फोन करायचा नाही, मेल करायचा नाही, जे काही असेल ते कागदावर, हे तू तीनदा अधोरेखित केलं आहेस. एकदा लिहिलं असतंस तरी कळलं असतं. मी कवळ्या बनवतो म्हणून माझ्या डोक्यातही प्लास्टर भरलंय असं नाही. तुझा फोन तुझा नवरा घरबसल्या वाचतो, हे आता मला कळलेलं आहे. (आणि हो, मी त्यांना अजून 'डॉक्टर'च म्हणतो. माझ्या लॅबमध्ये येणाऱ्या दहा दातांतले सात त्यांच्या दवाखान्यातून येतात, आणि माझ्या जिभेला ते पक्कं माहीत आहे.)

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डिस्क ठीक आहे. अगदी ठणठणीत. सव्वीस तारखेला पिल्लू कुणाकडे राहणार हे त्या एकेचाळीस रेकॉर्डिंगवर ठरणार आहे, ते मी विसरेन का? सख्खी भाची आहे माझी. त्यांच्याच हॉलमध्ये त्यांनीच बसवलेला कॅमेरा, आणि त्यातलं तू गुपचूप उतरवून घेतलेलं. ते ऐकल्यावर कुठलाही न्यायाधीश पोर आईकडेच देईल.

डिस्क मी लपवली आहे, आणि कशी ते ऐकून तू हसशील. कपाट, माळा, गादीखाली, इथे तर कुणीही आधी बघेल. माझ्या गेमच्या मशीनला लावायची अगदी तशीच काळी डिस्क माझ्याकडे आहे, तिच्यावर 'गाड्या' अशी चिठ्ठी चिकटवलेली. (हो, चव्वेचाळिसाव्या वर्षी मी गाड्यांचा गेम खेळतो. तुझी वहिनी त्यावर बोलून बोलून दमली.) ती चिठ्ठी सोलून मी तुझ्या डिस्कवर लावली आणि तुझी डिस्क सरळ टीव्हीशेजारी ठेवून दिली. माझी कपाटात. म्हणजे तुझी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आहे आणि कुणाला संशय नाही.

दुसरी प्रत काढायची मात्र राहिली. चिडू नकोस. संगणक उघडला की तो 'जागा शिल्लक नाही' म्हणतो, जागा करायला बसलो की जुने फोटो निघतात, फोटो बघता बघता रविवार संपतो. या रविवारी नक्की.

बाकी विशेष काही नाही. परवा दुपारी डॉक्टर येऊन गेले. सहजच. चहा घेतला, थोडा वेळ बसले. पिल्लूचा खालचा एक दात हलतोय म्हणाले.

जपून राहा.

&nbsp;

९ मार्च, सोमवार

माऊ,

तुझ्या वकीलबाईंना डिस्क सोळा तारखेच्या आत हवी आहे, हे वाचलं. त्याबद्दलच लिहितोय. उभी असलीस तर आधी बस.

डिस्क बिघडली आहे. तसं घाबरण्यासारखं काही नाही, असं लिहिणार होतो, पण आहे. काल प्रत काढायला म्हणून संगणकाला लावली, तर आतून टकटक, टकटक असा आवाज यायला लागला आणि पडद्यावर काहीच उमटेना. वायर बदलून पाहिली, दुसऱ्या खाचेत लावून पाहिली, संगणक बंद करून पुन्हा चालू केला. विजेचा झटका बसला असावा. या वस्तूंचं असंच असतं, काल चालत होती, आज नाही. त्यात कुणाचा दोष नसतो.

आज सकाळी एका डिस्कवाल्याकडे देऊन आलो. जिन्याखालची एवढीशी जागा, भिंतीला लागून उघड्या डिस्का, त्यांच्या आतल्या चकचकीत तबकड्या, आणि मध्ये भिंगाचा चष्मा लावलेला एक जाडा माणूस. माझ्यासारखंच काम त्याचं, मोडलेलं दुसऱ्याचं काहीतरी चिमट्यात धरून बघायचं. त्याने विचारलं, "पडली का?" नाही. "पाणी सांडलं?" नाही. मग डिस्क जोडून कानाशी धरली. "टकटक तर काही नाही हो."

"घरी येत होती," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला, आणि वहीत काहीतरी लिहिलं. दात दुखतो म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसल्यावर दुखायचा थांबावा, तसंच झालं असेल. नाही का?

कालपासून मी तीन कवळ्यांचं मेण बिघडवलं. आज दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यातून दातांचा खोका आला, तर दार वाजल्याबरोबर मी उठून उभाच राहिलो. नुसता खोका होता.

वकीलबाईंना अजून सांगू नकोस. डिस्कवाला म्हणाला, शनिवारी या.

&nbsp;

१४ मार्च, शनिवार

माऊ,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र तरी कसं म्हणू. 'टकटक आवाज आला असं खरंच झालं का?' एवढी एकच ओळ, आणि खाली सहीसुद्धा नाही.

नाही झालं. आवाज बिवाज काही नव्हता. तू लहानपणीही असंच पकडायचीस.

आज डिस्कवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, ही बिघडलेली नाहीच. चांगली धडधाकट आहे. ही पुसलीय. गेमच्या मशीनने पुसलीय." मी म्हटलं, मशीन आपोआप पुसतं का? तर म्हणाला, "ते बिचारं विचारतं. आपल्या पद्धतीची नसलेली डिस्क लावली की विचारतं, सगळं पुसून वापरायला घेऊ का म्हणून. कुणीतरी हो म्हटलंय."

मी विचारलं, पुसलेलं परत येतं ना? कुठेतरी वाचलं होतं मी. तो म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तर आलं असतं. पाटीवर फडकं फिरवलं तरी अक्षरं ओळखू येतात. पण तुम्ही त्याच पाटीवर वर नवीन लिहिलंत. नव्वद जीबीचा गेम टाकलाय. तो जिथे बसला तिथलं आता विसरा."

एकेचाळीसमधली सहा निघाली. सहाही मी तिथे उभा राहून पाहिली. हॉलची फरशी छान दिसते. पडदा हलतो. एकात कामवाली केर काढते. बाकी नुसते चौकोन, काळे आणि करडे. मी त्याच्या स्टुलावर बसलो, तर त्याने न मागता पाणी दिलं.

आता कसं झालं ते. तुझ्या वहिनीने केलं. तिला बिचारीला काय ठाऊक? रविवारी मी लॅबमध्ये होतो. तिला म्हणे मशीनवर एक नवीन गेम घालून बघायचा होता. चिठ्ठी 'गाड्या'ची, तिने उचलली, लावली, मशीनने विचारलं ते नीट वाचलं नाही आणि दाबलं. तिला मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. मुद्दाम कुणी केलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

डिस्क आणि ती सहा रेकॉर्डिंगं आज वकीलबाईंच्या पत्त्यावर पाठवली.

&nbsp;

१९ मार्च, गुरुवार

माऊ,

आमच्या धंद्यात कुठलीही कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी मेणात करायची, तोंडात बसवून बघायची, मग पक्की. मी पत्रंही तशीच लिहितो हे तुला माहीत आहे. आधी कच्चं, मग चांगल्या अक्षरात. शनिवारच्या पत्राचं कच्चं लॅबच्या खणात राहिलं आणि काल ते तुझ्या वहिनीच्या हाताला लागलं.

ती काही आरडाओरडा करत नाही, तुला ठाऊक आहे. कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "त्या रविवारी मी औषधांच्या दुकानात ड्युटीवर होते. तुम्हाला माहीत आहे. आता तिलाही कळू दे."

मी म्हटलं, अगं, तिला धक्का बसू नये म्हणून.

"धक्का तिला बसू नये म्हणून, की तुम्हाला? तिला जायला दुसरं दार नव्हतं म्हणून ती तुमच्याकडे आली. बॅगेसकट आली होती. तुम्ही डिस्क ठेवून घेतलीत आणि बॅग परत पाठवलीत. आणि आता मला पुढे करताय?"

ते खरं आहे. बॅगेचं मी कधी तुझ्याशी बोललो नाही. त्या दिवशी लॅबच्या दारात तुला म्हणालो होतो, जरा सांभाळून घे, डॉक्टर काही वाईट माणूस नाही. तुझं मनगट तेव्हा अजून प्लास्टरमध्ये होतं. प्लास्टर चांगलं बसलंय का हेही मी बघितलं. सवयीने.

आता पक्कं लिहितो.

एक मार्च, रविवार, दुपारचे चार. डॉक्टर आले. हातात पिल्लूने काढलेलं एक चित्र होतं, मामाला दाखवा म्हणाली म्हणे. मी चहा ठेवला. बाहेर आलो तर ते टीव्हीपाशी उभे, हातात तुझी डिस्क. चिठ्ठी वाचत होते.

"गाड्या! अरे वा. अजून खेळता?"

मी हसलो. मला दुसरं काही येत नाही, मी हसतो.

"दाखवा की. बघू तरी काय असतं ते."

मी म्हटलं, जुनाच गेम आहे, काही विशेष नाही. तर म्हणाले, "जुना तर जुना. मला कुठे घाई आहे?" आणि सोफ्यावर बसले, पायावर पाय टाकून. डिस्क त्यांनी माझ्याकडे दिली नाही, स्वतःच मशीनला जोडली. वायर बरोबर शोधली. माझ्या हातात त्यांनी फक्त रिमोटसारखं ते खेळायचं यंत्र दिलं.

पडद्यावर आलं: 'ही डिस्क वाचता येत नाही. वापरायची असल्यास तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'.

काहीही बोलता आलं असतं. चुकीची डिस्क आहे, मशीन बिघडलंय, चहा उतू जाईल म्हणून उठता आलं असतं. हे सगळं मला आता सुचतं, बसल्या बसल्या, एकापाठोपाठ एक. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की 'नाही' म्हटलं तर त्यांना कळेल ही गाड्यांची डिस्क नाही, आणि मग ते माझ्याकडे बघतील.

खूण आधी 'नाही'वर असते, माऊ. मुद्दामच तिथे ठेवलेली असते, चुकून कुणाचं काही जाऊ नये म्हणून. ती 'हो'वर मला न्यावी लागली. अंगठ्याने. डॉक्टर पडद्याकडे बघत नव्हते, माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

पुसायला चार सेकंदही लागले नाहीत. मला वाटलं होतं काही वेळ लागेल, मध्ये थांबवता येईल. मग ते म्हणाले, "आता रिकामी कशाला ठेवता? घाला की गेम तिच्यावर." मशीनमधला सगळ्यात मोठा गेम मी तिच्यावर घातला. पट्टी हळूहळू भरत होती आणि आम्ही चहा पीत होतो. पिल्लूच्या दाताचं ते तेव्हाच बोलले. पट्टी अर्धी भरल्यावर उठले. दारात म्हणाले, "डिस्क चांगली आहे हो तुमची. जपून ठेवा."

तू घाईने वाचत असशील तर इथे थांब, कारण अजून एक आहे. ते वहिनीलाही काल पहिल्यांदाच सांगितलं.

तू डिस्क दिलीस त्याच आठवड्यात मी ती उघडली होती. बघू नकोस म्हणाली होतीस, तरी. एकच रेकॉर्डिंग लावलं. तारीख बघून लावलं, ऑक्टोबरमधल्या त्या मंगळवारचं.

त्यात हॉल दिसतो. सोफ्यावर मी दिसतो. मांडीवर खोका आहे, आत डॉक्टरांना दाखवायला आणलेले चार पुढचे दात. बेडरूमचं दार बंद आहे. आतून त्यांचा आवाज येतो, मग तुझा, मग कपाटावर काहीतरी आदळल्याचा. अकरा मिनिटं. मी मोजली, खाली आकडे पळत असतात. अकरा मिनिटांत मी एकदा उठतो. मला वाटलं, चला, उठला तरी. टेबलाच्या अगदी कडेला पाण्याचा ग्लास होता, तो मी आत सरकवतो आणि परत बसतो.

मग डॉक्टर बाहेर येतात, दार मागे ओढून घेतात, शर्टाची बाही खाली करतात. मी त्यांना दात दाखवतो. ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरतात आणि म्हणतात, शेड जरा पिवळट वाटते. आणि मी म्हणतो, एक नंबर उजळ करून देतो.

मी सगळ्यांना सांगितलं होतं की मी पोचलो तेव्हा तू बाथरूममध्ये घसरून पडली होतीस. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच.

म्हणजे कोर्टात ती डिस्क लागली असती तर त्या अकरा मिनिटांत डॉक्टरांचा नुसता आवाज आला असता. सोफ्यावर दिसलो असतो मी. सगळ्यांसमोर. तुझ्यासमोर तर मी आधीच दिसलो होतो, हे मला रेकॉर्डिंग बघताना लक्षात आलं. तू ती सगळी ऐकून, निवडून, मग डिस्कवर घातली होतीस. आणि तरी माझ्याकडे ठेवायला दिलीस.

म्हणून मला अजून ठरवता येत नाही की त्या रविवारी मी 'हो' दाबलं ते कुणाला भिऊन. डॉक्टरांना भिऊन असं म्हणायला मला आवडेल.

हे पत्र मी कच्चं केलेलं नाही. वहिनी समोर बसली आहे, ती पाकीट स्वतः पोस्टात टाकणार आहे.

&nbsp;

२४ मार्च, मंगळवार

माऊ,

तुझं उत्तर आलं नाही, वकीलबाईंचा निरोप आला. शनिवारी या, दहा वाजता, ओळखपत्र घेऊन. म्हणजे माझं पत्र तू त्यांना वाचायला दिलंस. बरं केलंस. वाचताना तुझं काय झालं असेल ते मी विचारत नाही.

गेलो होतो. तू तिथून चार गल्ल्यांवर राहतेस हे त्यांच्या तोंडून कळलं, पण मी आलो नाही. बोलावलं नव्हतंस.

रविवारी डॉक्टरांचा फोन आला. साक्षीदारांच्या यादीत माझं नाव त्यांना दिसलं असणार. आवाज एकदम मऊ. "तुम्ही त्या दिवशी उशिरा पोचला होतात ना हो? उगाच तुमची धावपळ कशाला?" वहिनी भाजी चिरत होती, तिचे हात थांबले. मी म्हटलं, "नाही. मी... मी आधीपासून बसलो होतो." एवढं म्हणायला मला इतका वेळ लागला की मध्ये त्यांनी दोनदा 'हॅलो' म्हटलं. मग ते म्हणाले, "असं का," आणि फोन ठेवला.

काल त्यांच्या दवाखान्यातून खोका आला नाही. आजही नाही. येणार नाही. वहिनी म्हणते, "बाकीच्यांच्या तोंडात काय दात नसतात?" लॅबमध्ये तीन कवळ्या आहेत, त्या संपल्या की पुढे काय ते बघू.

भीती गेली असं समजू नकोस. अजिबात गेलेली नाही. जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं काम खाली ठेवतो. परवा कोर्टात ते समोरच बसतील, आणि त्यांचा वकील मला विचारेल की इतके महिने तोंडात मूग धरून का बसला होतात, आणि तुमच्याच घरात डिस्क कशी पुसली गेली. वकीलबाईंनी ते सगळं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा थोडं बरं जमलं. त्या म्हणाल्या, डिस्कइतकं हे भक्कम नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या बहिणीला दोघांना माहीत असू दे. पिल्लू मिळेलच असं त्या म्हणत नाहीत. नुसता माझा शब्द आहे, आणि तो मी आधी एकदा उलटा दिलेला आहे.

जबाब लिहून होत आला तेव्हा त्यांनी शेवटचं विचारलं. "आतून कुणी मदतीला हाक मारल्याचं ऐकलंत?"

हे मी तुला एकोणीस तारखेलाही लिहिलं नव्हतं. वहिनीलाही सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये ते चौथ्या मिनिटाला आहे, ग्लास सरकवला त्याच्या जरा आधी. तूही इतक्या महिन्यांत एका शब्दाने कधी विचारलं नाहीस.

"हो," मी म्हटलं.

"नाव घेऊन?"

"नाव नाही. दादा म्हणून. दोनदा."

त्यांनी ते लिहून घेतलं, कागद माझ्याकडे फिरवला, आणि मी खाली सही केली.